छताला खिळा ठोकायचा नाही

“हीटर कुठंय?” रामिरोने विचारलं.

“वर,” आर्लिस म्हणाली.

रामिरोने मान वर केली. वर छत होतं. पांढरं, सपाट, भिंतीपासून भिंतीपर्यंत काहीही नसलेलं. दिवा नाही, पंखा नाही, साधा हूकसुद्धा नाही. त्याने पुन्हा भिंतीच्या कडेकडेने नजर फिरवली, सोफ्याच्या मागे वाकून पाहिलं आणि मग हातातला फोन खाली घेतला.

“वर म्हणजे माळ्यावर?”

“माळ्यावर कशाला? छतात. प्लास्टरच्या आत वायरी आहेत. वायरींनी छत तापतं, छताने घर तापतं.”

“मग मी फोटो कशाचा काढू, मिसेस होवलँड? मंडळाला जुन्या हीटरचा फोटो लागतो.”

“छताचा काढ.”

रामिरोने माझ्याकडे पाहिलं. मी सोफ्यावर ब्लँकेट गुंडाळून, हातात कॉफीचा मग धरून बसले होते. मी शेजारीण. आर्लिसच्या मदतीला म्हणून आले होते, पण मदत नक्की कसली करायची हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या खोलीत इतकी थंडी होती की मला दुसरं काही सुचतही नव्हतं. सगळी हयात मी सफरचंदांच्या पॅकिंग शेडमध्ये सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून डागाळलेली फळं बाजूला काढली. तिथंसुद्धा मी कधी इतकी गारठले नव्हते.

“माझ्याकडे बघू नकोस,” मी म्हटलं. “बाई सांगतायत ते खरं आहे. या गल्लीतली सगळी जुनी घरं अशीच.”

हा सगळा घोळ आमच्या वीज मंडळाच्या योजनेचा. ज्यांच्या घरात जुन्या पद्धतीची विजेची ऊब आहे, त्यांनी ती काढून टाकून हीट पंप बसवला तर मंडळ त्याला भरघोस सबसिडी देतं. अट एकच, जुनी ऊब चालू हवी. बंद पडलेली असेल तर एक सेंटही नाही. आर्लिसने मंडळाला फोन लावून विचारलं होतं, “म्हणजे चालू असलेलं काढून टाकायला पैसे, आणि मोडलेलं बदलायला काही नाही?” पलीकडच्या पोरीने नियम पुन्हा वाचून दाखवला. आर्लिसने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा वाचला. शेवटी फोन मी घेतला, आणि मला तर पहिल्यापेक्षाही कमी कळलं.

आर्लिसच्या दिवाणखान्याचं छत सप्टेंबरपासून धड तापत नव्हतं. ती स्वयंपाकघरात ओव्हनचं दार उघडं टाकून बसायची आणि रात्री पलंगावर तीन रजया घ्यायची. वय ऐंशीच्या पुढे. तिची मुलगी गेल स्पोकेनला असते. तिने एकदा फोनवर आईचे दात वाजताना ऐकले आणि निकाल देऊन टाकला. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला मी येईन तेव्हा घर गरम असलं तर ठीक, नाहीतर तुला गाडीत घालून घेऊन जाणार. आमच्या तळघरातली खोली रिकामीच आहे. त्या तळघराला खिडकी होती ती जमिनीलगत, त्यातून म्हणे गवताची मुळं दिसायची. आर्लिसच्या पेन्शनीत सबसिडीशिवाय हीट पंप बसणं शक्य नव्हतं. त्यामुळे ती या घरात राहणार की नाही, हे मंडळाचा तपासनीस रामिरो एस्कामिया काय लिहून नेतो त्यावर होतं, आणि त्याला तर हीटरच सापडत नव्हता.

पण खरी गंमत यापुढेच आहे. या घरांच्या छतात वायरी घालायला लावल्या कुणी? आर्लिसनेच.

आमच्या नदीवरचं धरण नवं होतं तेव्हाची गोष्ट. वीज इतकी झाली की मंडळाला तिचं काय करावं कळेना, आणि लोक आपले लाकडं आणि तेल जाळत बसलेले. मग मंडळाने पुलमनच्या कॉलेजातून गृहविज्ञान शिकून आलेली ही पोरगी नोकरीला ठेवली. ती चर्चच्या हॉलमध्ये विजेच्या ओव्हनमध्ये केक भाजून दाखवायची. घरोघरी जाऊन सांगायची की विजेच्या उबेला धूर नाही, राख नाही, पोरांचे खोकले नाहीत. जो घर संपूर्ण विजेवर करेल त्याच्या दाराशेजारी मंडळातर्फे एक पितळी बिल्ला ठोकला जायचा. तिच्या स्वतःच्या दाराशी तो अजून आहे, आणि दर शनिवारी ती तो व्हिनेगर लावून घासते. गावात तिला वीजबाईच म्हणायचे. निवृत्त होईपर्यंत तिने दुसरं काही केलं नाही.

बिल्ल्याबरोबर ती प्रत्येक घराला एक नियम देऊन यायची. छताला खिळा ठोकायचा नाही. हूक नाही, स्क्रू नाही, टाचणीसुद्धा नाही. वायर तुटली की ती खोली गेली. आमच्या गावातली पोरं या नियमावर वाढली. वाढदिवसाच्या पताका पडद्याच्या दांडीला बांधायच्या, कुंड्या स्टँडवर ठेवायच्या, आणि झुंबर हे फक्त हॉटेलात बघायचं. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा माझ्या नवऱ्याने, डेलने, जेवणाच्या टेबलावर दिवा टांगायला शिडी लावली होती. तेवढ्यात ही बाई दार न वाजवता आत आली आणि म्हणाली, “ड्रिल खाली ठेवा.” ती आमची पहिली ओळख. डेलने ड्रिल खाली ठेवलं.

मागच्या वर्षी आमच्याकडे हीट पंप बसला. छतातल्या वायरींचा स्विच कायमचा बंद झाला, आणि त्याच दिवशी मी टेबलावर मोठा दिवा टांगून घेतला. आर्लिस बघायला आली, दिव्याखाली बसायला तयार होईना. उभ्यानेच कॉफी प्यायली आणि जाताना म्हणाली, “तू पण, बेव्ह?” मग बरेच दिवस तिच्याकडून ॲपल पाय येणं बंद होतं.

“मला हेच समजत नाही,” आता ती रामिरोला म्हणत होती. “बाहेर बर्फ पडायला आलाय. त्या हवेतून तुमचं यंत्र ऊब कुठून आणणार? असली तर आणणार ना?”

“फ्रिज आतली ऊब काढून मागून बाहेर टाकतो ना? तोच उलटा बसवला असं समजा. बाहेरचं अंगण हा फ्रिजचा आतला भाग.”

आर्लिसने विचार केला. फ्रिज तिने गावात शेकड्याने खपवले होते. “म्हणजे अंगण आणखी गार होणार?”

“होईल थोडं. कुणाला कळणार नाही.”

“आणि ते स्वस्त पडतं.”

“निम्म्याहून कमी विजेत.”

“मग तेव्हा का नाही सांगितलं आम्हाला? मी अख्ख्या जिल्ह्याला जे सांगत फिरले ते काय खोटं होतं?”

“खोटं कुठलं,” मी म्हटलं. “तेव्हा वीज वाहून चालली होती, आर्लिस. आता सगळ्यांना पुरवायची आहे.”

“नदी तर तीच आहे.”

रामिरो माणूस भला. तो म्हणाला, “माझी आई अजून तुमचं नाव काढते. आम्ही बागेतल्या मजुरांच्या चाळीत राहायचो तेव्हा तुम्ही आला होतात. चूल सोड, धुराने पोरांचे डोळे जातील, म्हणालात आणि विजेची शेगडी लावून दिलीत.”

“मग? बरी चालली का?”

“डोळे वाचले. पण आई म्हणते, तोर्तियाची, मक्याच्या भाकरीची, चव त्या धुरातच होती.”

आर्लिसला हसू आलं, पण ते तिने दाबलं. त्या दिवशी हसणं तिला परवडणारं नव्हतं.

रामिरो गाडीतून कॅमेरा घेऊन आला. हा कॅमेरा म्हणे रंग बघत नाही, ऊब बघतो. आर्लिसने घरभर फिरून भिंतीवरच्या तापमानाच्या चकत्या पूर्ण वळवल्या, आणि आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसून छत तापायची वाट पाहिली. तिने ॲपल पायचा एकेक तुकडा वाढला. रामिरो म्हणाला, मंडळाचा नियम आहे, तपासाच्या घरी काही खायचं नाही. आर्लिस म्हणाली, तो नियम मी असताना नव्हता. त्याने खाल्ला.

मग त्याने स्वयंपाकघरातच कॅमेरा वर धरला, आणि मला त्या पडद्यात जे दिसलं ते मी विसरणार नाही. रिकाम्या पांढऱ्या छतात पिवळ्या रेघा उमटल्या होत्या. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणाऱ्या, वळून परत येणाऱ्या, शेतात सऱ्या पाडाव्यात तशा सरळ.

“कुणी घातल्यात या?” रामिरोने विचारलं. “इतक्या सारख्या मी पाहिल्या नाहीत.”

“माझ्या नवऱ्याने,” आर्लिस म्हणाली. “व्हर्नने. मंडळात लाइनमन होता. घर बांधलं तेव्हा प्लास्टरवाल्याला बाहेर उभं करून एकेक वायर स्वतः लावली. मान अवघडून महिनाभर तिरका चालत होता.” तिने पडद्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. व्हर्नला जाऊन काही वर्षं झाली होती, आणि एवढी वर्षं ज्याच्याखाली राहिली ते ती पहिल्यांदाच बघत होती. “मला वाटलं नव्हतं की ते असं दिसत असेल.”

तिच्या झोपायच्या खोलीत रेघा पूर्ण होत्या. गेलच्या मागच्या खोलीतही पूर्ण. दिवाणखान्यात अर्ध्या उजळल्या आणि अर्ध्या काळ्याच राहिल्या. रामिरो फोटो काढत होता, मनाशी हिशेब करत होता, आणि आर्लिस त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

“अर्ध्याहून जास्त घर चालू निघालं की झालं,” तो म्हणाला. “जमेल असं दिसतंय. ती कोपऱ्यातली खोली राहिली.”

“ती राहू दे. ती सफरचंदांची.”

“फोटो प्रत्येक खोलीचा लागतो, मिसेस होवलँड.”

“ती कधी तापलीच नाही. घर नवं होतं तेव्हाच गेली. मंडळाने वायर खराब दिली होती.”

हे मी पन्नासदा ऐकलेलं. त्या एका खोलीच्या वायरीवरून आर्लिसचं मंडळाच्या स्टोअरकीपरशी जन्माचं वाकडं होतं. गोदामातला कुजका माल आमच्या माथी मारला, म्हणायची. तो निवृत्त होईपर्यंत ऑफिसात सगळ्यांना तिचा केक मिळायचा, त्या बिचाऱ्याला कधीच नाही. घरात त्या खोलीला थंड खोली म्हणायचे. त्यात वाइनसॅप जातीच्या सफरचंदांच्या पेट्या रचलेल्या असत, ती सफरचंदं मार्चपर्यंत कडक राहायची. सफरचंदं आणायला नेहमी व्हर्न जायचा. आर्लिस उठायला लागली की तो म्हणायचा, बस तू, आत फार गारठा आहे. मला तेव्हा वाटायचं, किती जपतो बायकोला, आणि घरी जाऊन मी डेलला टोमणे मारायची.

थंड खोलीचं दार उघडलं आणि सफरचंदांचा वास अंगावर आला. रामिरोने कॅमेरा वर धरला. पडदा काळाच. एकही रेघ नाही. त्याने फोटो काढला, मग खिशातली बॅटरी काढून उजेड छतावर तिरका टाकला. तो तसाच उभा राहिला.

“शिडी आहे का?”

शिडी मी आणली. शेवटी माझी काहीतरी मदत झाली. रामिरो वर चढला आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यात छतावर बोट फिरवू लागला. मग नखाने खरवडलं. पांढरा भुगा पेट्यांवर पडला.

“इथं भोकात लांबी भरलीय,” तो म्हणाला. “आत लोखंड आहे. कुणीतरी हूक लावला होता, मग छताबरोबर कापून टाकला, वर लांबी भरून रंग दिला.”

“शक्य नाही,” आर्लिस म्हणाली.

रामिरोने बॅटरीचा उजेड पुन्हा त्या जागेवर धरला.

“या घरात छताला खिळा ठोकत नाहीत,” ती म्हणाली. शाळेतल्या पोराला सांगावं तसं तिने सावकाश सांगितलं. “मी सगळ्या गावाला सांगत आले. माझ्या घरात कोण ठोकेल? व्हर्नला कुठली वायर कुठून गेलीय ते पाठ होतं. डोळे मिटून सांगायचा.”

“म्हणूनच ठोकला असेल,” रामिरो वरून म्हणाला. “ज्याला माहीत नाही तो घाबरतो. यांनी दोन वायरींच्या मधली जागा धरली होती. बोटभर चुकली.”

आर्लिस एका पेटीवर बसली. मला वाटलं चक्कर आली, म्हणून मी पुढे झाले, पण ती मला हाताने बाजूला करून वर बघत होती. छताकडे, मग खाली खिडकीकडे, पुन्हा छताकडे.

“तिथं खाली, जमिनीवर पाळणा ठेवला होता,” ती म्हणाली.

“कुठला पाळणा?”

“गेलच्या आधीचा.”

इतकी वर्षं मी या घरात ये-जा करत होते. लोणच्यांपासून बाळंतपणांपर्यंत आमचं सगळं बोलून झालं होतं असा माझा समज होता. गेलच्या आधी कुणी होतं हे मला माहीत नव्हतं.

तिने फार सांगितलं नाही. सातव्या महिन्यात दुखायला लागलं. व्हर्नने वेनाचीच्या इस्पितळात नेलं आणि ती तिथं बरेच दिवस होती. मुलगा होता. वाचला नाही, आणि तो तिला दाखवलाही नाही, तेव्हा दाखवायची पद्धत नव्हती. ती घरी आली तेव्हा पाळणा खोलीतून काढलेला होता आणि खोलीला नव्या रंगाचा वास येत होता. तिला वाटलं, आपण लावलेला पिवळा रंग डोळ्यासमोर नको म्हणून व्हर्नने झाकून टाकला. ती काही बोलली नाही. तोही बोलला नाही. त्या थंडीत खोली गार पडली. व्हर्न म्हणाला, वायर खराब निघाली. पुढे गेल झाली तेव्हा तिला मागच्या खोलीत ठेवली, कारण ही थंड होती.

“मी इस्पितळात होते तेव्हा लावला असणार,” ती म्हणाली. “मी घरात असते तर मी लावू दिलं नसतं.”

रामिरो शिडीवरून उतरला. त्याने टोपी काढली होती. “ही खोली बंद लिहितो,” तो हळू म्हणाला. “बाकीचं घर चालू आहे. तुमची सबसिडी होईल, मिसेस होवलँड.”

ज्या एका शब्दासाठी ती सप्टेंबरपासून जीव मुठीत धरून बसली होती, तो तिने ऐकला की नाही मला कळलं नाही. ती म्हणाली, “त्याला काय टांगलं होतं?”

“कुणाला?”

“त्या हुकाला. काय टांगलं होतं त्याने?”

आम्ही दोघंही छताकडे बघत राहिलो, जणू तिथं लिहिलेलं असणार होतं.

पुढचे काही दिवस ती व्हर्नवर नुसती भडकलेली होती. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या दिव्याखाली बसून भांडायची. आपण दिव्याखाली बसलोय हे तिच्या लक्षातही येत नव्हतं.

“वायर जोडता आली असती. त्याला एक दिवस लागला नसता.”

“छत फोडावं लागलं असतं,” मी म्हटलं.

“मग फोडायचं.”

“आणि तू विचारलं असतंस, कशाला फोडतोस?”

“विचारलंच असतं.”

“मग त्याने काय सांगायचं होतं?”

ती चमचा कपात फिरवत बसली. “मी त्या स्टोअरकीपरला कधी केक दिला नाही,” ती शेवटी म्हणाली. “तो गेला सुद्धा. व्हर्न समोर बसून ऐकायचा गं. मी त्या माणसाला शिव्या द्यायची, आणि हा मुकाट बसून बटाटे खायचा.”

मला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आल्यावर माणूस दिसतो तशीच मी दिसत असणार, कारण तिने मला विचारलं, “तुला काय झालं?”

मग तिने व्हर्नची सगळी खोकी उपसली. गॅरेजमधले कॉफीचे डबे, अवजारांचे खण, जुने बूट. कशासाठी, तर काहीतरी टांगण्यासारखं सापडेल म्हणून. सापडले ते खिळे, वायरींचे तुकडे आणि मासे पकडायचे गळ. लाकडाचा एक पक्षी निघाला, त्यावर ती तासभर विचार करत बसली, पण तो गेलने शाळेत केलेला होता. गेलला यातलं काही कळवायचं नाही असं तिने मला बजावलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “मलाच कळलं नाही अजून. तिला काय सांगू?”

हीट पंप बसवायला माणसं आली ती थँक्सगिव्हिंगच्या आदल्याच आठवड्यात. आत हवा सोडणारी दोन यंत्रं मिळणार होती. एक दिवाणखान्यात, दुसरं कुठं ते तिने सांगायचं. “झोपायच्या खोलीत घ्या,” त्यांचा मुख्य म्हणाला, “या वयात रात्री ऊब हवी.” मीही तेच म्हटलं.

“कोपऱ्यातल्या खोलीत बसवा,” आर्लिस म्हणाली.

“तिथं कोण झोपतं?”

“कुणी नाही.”

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. सफरचंदांच्या पेट्या त्याच दिवशी माझ्या गॅरेजमध्ये आल्या, डेलची गाडी रस्त्यावर गेली, आणि डेलने त्याबद्दल जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाहेरचं मोठं खोकं भिंतीला लागलं ते नेमकं दाराशेजारी, पितळी बिल्ल्याच्या खाली. माणसांनी विचारलं, बिल्ला काढू का? आर्लिस म्हणाली, “कशाला? त्याचं काय चुकलंय?” यंत्र सुरू झालं तेव्हा ती अंगात कोट घालून बाहेर उभी राहिली आणि पंख्यासमोर हात धरून बघत राहिली. त्यातून गार वारा येत होता. “खरंच अंगण गार करतंय गं,” ती म्हणाली.

बसवल्यावरची तपासणी करायला रामिरोच आला. सगळं पाहून झाल्यावर तो छतातल्या वायरींचे स्विच मुख्य पेटीतून काढून टाकलेत ना, हे बघायला गेला. ते काढलेले होते. आता ते छत नुसतं छत होतं. हे मी म्हणतेय. आर्लिसने तसं म्हटलं नाही. तिने एप्रनच्या खिशातून एक नवा पितळी हूक काढून त्याच्यापुढे धरला.

“तुझ्याकडे ड्रिल आहे ना?”

“आहे,” रामिरो म्हणाला. “कुठं?”

“तिथंच.”

थंड खोलीत, म्हणजे आता मुळीच थंड नसलेल्या त्या खोलीत, तो शिडीवर चढला. जुन्या लोखंडाचा तुकडा पकडीने ओढून काढला. मग ड्रिल उचललं आणि थांबला. त्याला काय वाटलं कोण जाणे, खाली उतरून पुन्हा पेटीपाशी गेला, स्विच खरंच नाहीत ना पाहून आला आणि पुन्हा चढला. आर्लिस खाली दोन्ही हातांनी शिडी धरून उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“लाव,” ती म्हणाली. हे तिने जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं.

ड्रिलचा आवाज व्हायचा तेवढा झाला. बाकी काहीच झालं नाही.

गेल आली, घर बघून खूश झाली. आईला तळघरात न्यायचा विषय तिने काढला नाही, फक्त तिला न्यायला म्हणून आणलेलं ब्लँकेट तसंच गाडीत राहू दिलं. मागची खोली तिची, पण ती या वेळी कोपऱ्यातल्या खोलीत झोपली, कारण तिथं छान गरम होतं. जेवताना तिने विचारलंच.

“आई, त्या खोलीत छताला हूक कशाला?”

मी माझ्या ताटातल्या बटाट्यांत डोकं घातलं.

“तुझ्या बाबांचा आहे,” आर्लिस म्हणाली.

“बाबांचा? बाबांनी छताला हूक लावला?”

“हो.”

“तुझ्या घरात?” गेल हसायला लागली. हसता हसता आईकडे बघून तिचं हसू ओसरलं. “काय टांगायला?”

“माहीत नाही,” आर्लिस म्हणाली, आणि तिच्यापुढे क्रॅनबेरीचं भांडं सरकवलं. मग जरा वेळाने म्हणाली, “झोपताना ये माझ्या खोलीत. सांगायचं आहे थोडं.”

त्या रात्री मायलेकींचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही. सकाळी गेलची गाडी निघाली तेव्हा ती खिडकीची काच खाली करून मला म्हणाली, “बेव्हमावशी, लक्ष ठेव,” आणि डोळे पुसत गेली.

हुकाला काय टांगावं, यावर नंतर सगळ्यांनी सल्ले दिले. गेलने फर्नची कुंडी पाठवली, ती स्टँडवर ठेवली गेली. मी एक काचेचा पक्षी नेला, तो खिडकीत बसला. रामिरोची आईसुद्धा एक रंगीत कागदाचा तारा देऊन गेली, तो भिंतीवर लागला. हुकाला आर्लिस काही लावत नाही. धूळ मात्र रोज झटकते.

सफरचंदं आता माझ्या गॅरेजमध्ये असतात. आर्लिस रोज एक टोपलीभर घेऊन जाते आणि कोपऱ्यातल्या खोलीत खिडकीशी बसून सोलते, कारण तिथं ऊन येतं. काल मी तिच्या मागोमाग आत गेले. तिचं छत चांगलं उंच आहे, आणि वयाने ती इवलीशी झालीय. टोपली घेऊन ती खिडकीकडे निघाली, आणि हुकाखालून जाताना तिने मान जराशी वाकवली.